प्रेरणेचं पेव

चित्र बघायला माणसाला अर्धं मिनिट पुरतं, चित्रामागची प्रेरणा ऐकायला अर्धा तास लागतो. हा नियम सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना सारखाच लागू आहे, आणि दोघांचं एकमत झालेली ही बहुधा एकुलती एक बाब असावी. एरवी कंदी पेढा मोठा की भडंग, इथून वाद सुरू होतो. ‘कृष्णा आमच्या महाबळेश्वरात उगम पावते,’ असं सातारकर म्हणाला की ‘पण पूर आम्हाला येतो ना?’ असं सांगलीकर विचारतो आणि विषय बंद होतो.

आमचा हौशी चित्रकारांचा कंपू या दोन जिल्ह्यांतल्या माणसांचा मिळून झालेला आहे. आम्ही कऱ्हाडला भेटतो, कारण ते मध्ये पडतं असं सातारकरांचं म्हणणं. कऱ्हाड सातारा जिल्ह्यातच असल्यामुळे हे मध्ये नसून तुमच्या अंगणात आहे, असं सांगलीकरांचं म्हणणं. प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात आणि मग निमूटपणे एकत्र पुढे जातात. आम्हाला त्यातला पहिला अर्धा भाग चांगला जमतो.

कंपूचा नियम साधा आहे. निसर्गचित्र, गणपती आणि डोक्यावर घागर घेतलेली स्त्री आणायची नाही. फक्त गमतीची चित्रं आणायची. म्हणजे जे जगात नाही, पण असतं तर कुणाची हरकत नव्हती, असं काहीतरी. चित्र दाखवायचं आणि ते कुठून सुचलं हे सांगायचं. घोळ होतो तो इथे.

आमचे मास्तर निवृत्त ड्रॉइंग शिक्षक आहेत. त्यांनी एकदा चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आणल्या. साऱ्या ओळीनं सूर्यनमस्कार घालतायत आणि मागच्या रांगेतली एक आळशी पवनचक्की शवासनात पडलीय. आम्ही हसलो. मास्तर मात्र गंभीर झाले आणि पंचमहाभूतांतल्या वायुतत्त्वावर बोलू लागले. वायूवरून ते प्राणावर आले, प्राणावरून उपनिषदांवर जाणार, तेवढ्यात थर्मासमधून चहा ओतता ओतता त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, ‘‘घरातला पंखा बंद पडलाय. इलेक्ट्रिशियन येतो येतो म्हणतो आणि येत नाही. त्याची वाट बघत पंख्याखाली पडल्या पडल्या काढलंय ते.’’

सांगलीच्या वहिनी बँकेत काउंटरवर असतात. त्यांच्या चित्रात आयर्विन पुलाखाली एक मगर आरामखुर्चीत बसलीय, हातात छत्री. वर पुलाच्या कठड्यावर गाव लोटलाय. पावसाळ्यात सांगलीत एकमेकांची खुशाली फुटांत विचारतात. आज पुलाशी पाणी किती, चाळीस की बेचाळीस? पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी तिथे शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हापासून हा विषय कुणी थट्टेवारी नेत नाही. चित्रातली मगर मात्र त्या गर्दीकडे अशी बघत होती, की जणू तीच ह्यांची पातळी मोजतेय. वहिनींनी सांगितलेली प्रेरणा होती ‘मानव आणि जलचर यांचं सहजीवन’. चहाचा दुसरा कप झाल्यावर खरं बाहेर आलं. ‘‘पेन्शनच्या तारखेला काचेपलीकडून सगळे माझ्याकडे असेच बघतात हो. आणि सर्व्हर बंद असला की माझा चेहरा त्या मगरीसारखा होतो.’’

हळदवाल्या शेठनी तर कहर केला. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची जुनी पद्धत आहे. शेठच्या चित्रात एका पेवात पूर्ण संसार थाटलेला होता. खाली आजोबा पेपर वाचतायत, वर तोंडाशी नावाची पाटी आणि पाटीखाली ‘मालक घरी नाहीत’. ‘‘भूमातेच्या उदरातली ऊब,’’ असं शेठ म्हणाले खरे, पण त्यांना असलं बोलायची सवय नाही. लगेच घाम पुसत त्यांनी कबुली दिली, ‘‘काय न्हाई ओ, जीएसटीची नोटीस आली हुती. कुठं लपावं ते सुचंना.’’

मी स्वतः कासची फुलं काढली होती. तिकडे हल्ली माणसं आधी ऑनलाइन नोंदणी करून फुलं बघायला जातात. माझ्या चित्रात फुलांनीच नोंदणी केली होती, आणि ती दोरीच्या आतून रांगेनं माणसं बघत पुढे सरकत होती. मी ‘जैवविविधता’ असा एकच शब्द उच्चारून खाली बसलो. एका लग्नात वधूवरांना आहेर द्यायला रांगेत उभं राहून पाय दुखले, तेव्हा ते सुचलं होतं. पण ते लग्न शेठच्याच पुतण्याचं होतं, मग कसं सांगणार?

या साऱ्यावरून माझं एक मत झालं आहे. गमतीचं चित्र सुचायला निवांतपणा लागतो, हे खोटं. निवांत माणसाला झाडामागून उगवणारा सूर्य सुचतो. छत्रीवाली मगर सुचायला डोक्यावर काम लागतं, आणि तेही नको असलेलं. आम्हीच नंतर लाजून त्या मगरीला सहजीवनाची शाल पांघरतो.

हे मी कंपूत मांडलं, तर मास्तर म्हणाले, ‘‘पुरावा?’’ पुराव्यासाठी आम्ही गाडी काढली. लांब जावं लागलं नाही, कारण पुरावा ज्या औंध संस्थानात आहे, ते आज बरंचसं आमच्याच दोन जिल्ह्यांच्या वाटणीत आलंय. राजधानीचं गाव साताऱ्याकडे, कुंडल-आटपाडी सांगलीकडे. वाटणीतही दोन्ही बाजूंना आपल्याला कमी मिळालं असं वाटतं, हे सांगायला नको.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या डोक्यावर एक आख्खं संस्थान होतं. त्यात ते चित्रं काढत, कीर्तनं करत, आणि सूर्यनमस्कार तर स्वतः घालून प्रजेलाही घालायला लावत. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ साली निघालं. १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगराच्या वाटेवर संग्रहालय उभं केलं. तिथे राजा रविवर्म्याची सैरंध्री आहे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि बालक’ आहे. खटाव तालुक्यात हेन्री मूर, ही कल्पना एखाद्यानं गमतीचं चित्र म्हणून आणली असती, तर आम्ही ‘फार ताणलंय’ म्हणून परत केली असती. पुढे १९३९ साली राजांनी कारभारच लोकांच्या हाती दिला. त्यामागे गांधीजींचा सल्ला होता. चित्रांना वेळ मिळावा हे खरं कारण, असं मास्तर म्हणतात. इतिहासकार त्यांना विचारायला येत नाहीत, हे बरं आहे.

राजानं काढलेल्या चित्रासमोर ‘महाराज, सुचलं कुठून?’ असं विचारायची मात्र कुणाची टाप नसणार. ‘वा’ म्हणायचं आणि मुजरा करून निघायचं. हा मुद्दा शेठना इतका आवडला, की आमच्याकडेही हीच पद्धत सुरू करावी असा ठराव त्यांनी तिथल्या तिथे मांडला.

खरा पुरावा मिळाला तो किर्लोस्करवाडीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं, की त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळेपणा. मग त्यांनी रंग सोडून यांत्रिक रेखाटन धरलं, पुढे ते शिकवलं, सायकलींचं दुकान काढलं आणि शेवटी लोखंडी नांगर घडवले. हे ऐकून मास्तर उसासले, ‘‘माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना रंग कळत नव्हते. एकानं कारखाना काढला नाही.’’

१९१० साली बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकरांचा माळ दिला. त्यावर निवडुंग आणि साप. ज्याला रंग दिसत नव्हते, त्याला त्या माळावर गाव दिसलं. चित्रकलेच्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

आता पुढचा घोटाळा बघा. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव रीतसर चित्रकला शिकले. त्यासाठी लाहोरला जाऊन पंडित सातवळेकरांच्या हाताखाली राहिले. नंतर सातवळेकरांनी औंधला बसून वेदांचं भाष्य मांडलं, आणि त्यांचा शिष्य वाडीला बसून नांगरांची जाहिरात करू लागला. कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांना आणि एजंटांना कळावी म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. त्याचे संपादक शंकरराव, आणि व्यंगचित्रं काढणारेही तेच. नांगर खपवायला काढलेल्या अंकातून मराठी माणसाला स्वतःकडे बघून हसायची सवय लागली. मासिक वाढलं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शंकरराव लाहोरहून येऊन नदीकाठी निवांत बसले असते, तर महाराष्ट्राला आणखी काही निसर्गचित्रं मिळाली असती.

‘‘एवढ्यानं सिद्ध होत नाही,’’ मास्तर म्हणाले. ड्रॉइंगचे असूनही त्यांचा स्वभाव गणिताच्या मास्तरांचा आहे. मग मी कोल्हापूरचे वसंत सरवटे काढले. पु. लं.च्या पुस्तकांना ज्यांच्या रेषेनं चेहरा दिला, ते सरवटे पेशानं सिव्हिल इंजिनिअर, नोकरी सिमेंट कंपनीत. दिवसभर सिमेंट बघितल्याशिवाय रेषा इतकी हलकी होत नाही, असा माझा दावा आहे. वहिनींनी शि. द. फडणीस पुढे केले. १९२५ साली भोज गावी जन्मलेले, म्हणजे सीमाभागातले. त्यांचं ‘मोहिनी’वरचं ते मुखपृष्ठ कुणाला आठवत नाही? तरुण आणि तरुणी, एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. खाली एक शब्द नाही. हसायचं काम त्यांनी पूर्णपणे बघणाऱ्यावर सोडलं, आणि प्रेरणा सांगत बसायला जागाच ठेवली नाही. शाळेच्या गणिताच्या पुस्तकातसुद्धा याच माणसाची चित्रं होती. त्रैराशिकाच्या शेजारी बसून ज्याची रेषा हसते, त्याला निवांतपणाची काय पडलीय?

मास्तर गप्प झाले ते यानं नाही. काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, ‘‘अहो, रिटायर झाल्यावर पहिलं वर्षभर काय काढलंत तुम्ही? फुलदाणी. सकाळी फुलदाणी, संध्याकाळी फुलदाणी. सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं आणि मग पाण्याच्या टाकीवर बसलेला तो मिशीवाला यक्ष आला.’’ गाडीत हशा झाला. यक्षाचा चेहरा दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाशी तरी जुळतो, एवढंच मास्तर बोलले आणि खिडकीबाहेर ऊस बघू लागले.

आमच्यातला एकजण मात्र हसला नाही. शेठ.

‘‘तुम्ही म्हणताय ते खरंय ओ,’’ ते म्हणाले. ‘‘ती जीएसटीची भानगड मिटली. सीएनं सगळं निस्तारलं. तवापासनं वही उघडतो आन् नुसता बसतो. काल बसलो तर काय आलं हातातनं? सूर्योदय. दोन डोंगर आन् मधी सूर्य.’’

कंपूवर अवकळा पसरली. इतक्या गुणी माणसावर ही वेळ यावी! वहिनींनी मायेनं सुचवलं, ‘‘शेठ, मग एखादी नवी नोटीस मागवून घ्या ना.’’

शेठनी थोडा विचार केला. धंद्याचा माणूस, नफ्या-तोट्याचा हिशेब तोंडातल्या तोंडात झाला. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं,

‘‘इन्कम टॅक्सची चालंल का?’’