विषय : सासऱ्यांचा संगणक विलंबाने सुरू होणेबाबत

उपरोक्त विषयान्वये समस्त जावईवर्गास कळविण्यात येते की, सासुरवाडीस गेल्यावर चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वीच "तेवढं कॉम्प्युटरकडे बघता का जरा?" अशी विचारणा झाल्यास खालीलप्रमाणे कार्यवाही करावी. आपण दंतवैद्य आहात किंवा विमा विकता, ही सबब ग्राह्य धरली जाणार नाही.

कलम १. बटण दाबावे आणि कशालाही हात न लावता पाहत बसावे. उशीर कुठे होतो, यावर पुढचे सगळे ठरते. विंडोजचे चिन्ह येण्याआधीच, काळ्या पडद्यावर गाडी अडत असेल, तर मागे पेनड्राइव्ह राहिला आहे का ते बघा. काही मशिनं आधी त्यातूनच सुरू व्हायला बघतात. तारीख दहा-बारा वर्षं मागची दिसत असेल आणि रोज एफ-१ दाबल्याशिवाय पुढे जात नसेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा. घड्याळाच्या दुकानात मिळतो. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, मात्र एफ-१ हा यंत्राचा कायमचा नियम समजून मॉनिटरला कागद चिकटवला होता : "१) भिंतीवरचा स्विच. २) बटण. ३) एफ-१. ४) प्रतीक्षा." प्रतीक्षेखाली लाल शाईची रेघ.

कलम २. राइट क्लिक करून रिफ्रेश मारल्याने संगणकाचा वेग वाढत नाही. डेस्कटॉपवरची चित्रं नव्याने काढली जातात, बस्स. ही बाब सासऱ्यांच्या निदर्शनास आणू नये.

कलम ३. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबावे. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात विंडोज ८ पासून स्टार्टअप नावाचे पान आहे. संगणक उठला की त्याच्यासोबत कोण कोण उठतं, त्याची यादी तिथे मिळते. नानांची यादी स्क्रोल करावी लागली. भंगारात दिलेल्या प्रिंटरचा मदतनीस, बंद पडलेल्या नेट डोंगलचं सॉफ्टवेअर, मुदत संपलेला कुंडलीचा प्रोग्राम, आणि एकमेकांवर पाळत ठेवणारे दोन अँटिव्हायरस. हा माणूस जिल्हा परिषदेत उभी हयात त्रुटी काढल्याशिवाय एक फाइल पुढे सरकवू न देणारा! आणि इथे पडद्यावर जे विचारेल त्याला 'येस'. का, तर "ते बिचारं विचारत होतं, नाही कसं म्हणायचं?" माणसांना कधी अशी सवलत मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तर, नको त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करावे. घाबरू नये. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपणहून उठत नाही. अँटिव्हायरस एकच ठेवावा, दुसरा रीतसर अनइन्स्टॉल करावा. विंडोज १० मध्ये स्वतःचा असतोच. साउंड आणि ग्राफिक्सच्या नोंदींना हात लावू नये.

कलम ४. प्रत्येक सोसायटीत "फॉरमॅट मारून टाका" म्हणणारा एक मुलगा असतो. त्याला सरबत द्यावे. फोटोंची दुसरी प्रत निघेपर्यंत माउस देऊ नये.

कलम ५. एवढं करूनही फरक पडला नाही, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा. आत तबकड्या फिरतात, डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा मिनिटाला ७२०० वेळा, आणि त्यांच्यावर वाचणारा दांडा एकच. सकाळी दहाला सगळं ऑफिस एका हजेरीपटावर एकाच पेनने सही करायला आल्यासारखी गत. हे उदाहरण नानांना लगेच पटलं, पण "मग रांग लावावी!" हा त्यांचा उपाय. खरा उपाय एसएसडी. आत फिरणारं काही नाही, अडीच इंची, त्याच साटा केबलला बसते. जुन्या डिस्कमधलं सगळं क्लोन करून तिच्यावर घ्यावं. मात्र जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल, तर आधी फोटो दुसरीकडे काढा, बाकी सगळं नंतर. आणि एसएसडीला डीफ्रॅगमेंट करत बसू नका. तिला त्याचा उपयोग शून्य, झाली तर झीजच.

कलम ६. शटडाउन पूर्ण होण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करू नये, नाना.

कलम ७. कामाच्या पूर्ततेनंतर कौतुकाची अपेक्षा ठेवू नये. नव्या डिस्कवर संगणक सुरू झाला तेव्हा नाना अजून चष्म्याच्या काचा पुसत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलं आणि बऱ्याच वर्षांनी पहिली त्रुटी काढली : "एवढ्या लवकर? काहीतरी सुटलंय. परत बंद करा." परत बंद केला. परत तसाच सुरू झाला. जुनी डिस्क त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, तिच्यावर तारीख घातली आणि कपाटात ठेवली. चौकशी लागली तर असावी.

प्रत माहितीस्तव सविनय सादर :
१) सासूबाई. (कुंडलीचा प्रोग्राम कुणी काढला, ते कृपया सांगू नये.)
२) मेहुणा, मुक्काम पुणे. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. फोनवरून "रीस्टार्ट करून बघा" एवढंच सांगतो.