वस्तरा सर्वांगाने धारदार कसा करावा

या विद्येला लागते ती आधी सवड, मग घरच्यांची सहनशक्ती. वस्तऱ्याचा नंबर त्यानंतर.

नवशिक्याच्या वस्तऱ्याला धार येतच नाही असे नाही. येते, पण मधोमध. टाचेकडचा भाग ओरबाडतो आणि टोक गालावरून नुसतेच सहल करून येते. अशा वेळी वस्तऱ्याला शिव्या घालू नयेत. आधी दगड तपासावा. वापरून वापरून तो मधे खोलगट झालेला असतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, सपाट काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवा आणि दगड त्यावर घासत बसा. मधल्या रेघा सर्वांत शेवटी जातात. त्या जाईपर्यंत उठायचे नाही, फोन वाजला तरी.

आता पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवा. कोन वस्तरा घडवणाऱ्यानेच ठरवून ठेवला आहे. आपली अक्कल चालवावी लागत नाही, एवढीच काय ती सवलत. पाते साधारण तीन इंच, दगड बहुधा त्याहून अरुंद. म्हणून हात तिरका न्यावा: टाचेपासून सुरुवात, टोकाशी शेवट. उलटवताना पाठीवर उलटवावे. धारेवर उलटवलात तर पहिल्या परिच्छेदापासून पुन्हा सुरू करा.

धारेला मार्करची शाई लावून एकदा हात फिरवा. शाई उरली तिथे दगड पोचलेला नाही. तिथेच बोटाने दाबावेसे वाटेल. दाबू नका! पातळ पाते दाबाने वाकते आणि धार एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी घासली जाते.

दगड १०००, ४०००, ८००० अशा चढत्या नंबराचे घ्यावेत. दर्दी लोक बेल्जियमचा पिवळसर कोतिक्यूल मागवतात. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात, आणि त्याची किंमत घरी सांगायची नसते.

शेवटी चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे होती, इथे पाठ पुढे. विसरलात तर पट्टा कापला जाईल. धार आल्याची तेवढीच खात्री.

टाच, मध्य आणि टोक, तिन्ही ठिकाणी हातावरचे केस उडाले पाहिजेत. डावा हात तुळतुळीत दिसला की जाणकार ओळख दाखवतात.

एवढे करूनही टोक बोथटच राहिले, तर कोपऱ्यावरचे सलून गाठा. तिथे अर्धे ब्लेड मोडून वस्तऱ्यात बसवतात आणि काम उरकतात. फक्त सोमवारी जाऊ नका, बहुतेक ठिकाणी बंद असते.