शुभास्ते पन्थानः, मार्गे पनवेल

निरोप देताना जुनी माणसं 'शुभास्ते पन्थानः सन्तु' म्हणत. म्हणजे आशीर्वाद प्रवाशाला नाही, थेट रस्त्यालाच. त्यांना पनवेलच्या पुढचं दिसत असावं.

कालिदासाची शकुंतला सासरी निघते तेव्हा आकाशवाणी होते: वाटेत कमळांची तळी असोत, झाडांची सावली असो, धूळ परागासारखी मऊ असो. सरकारने यातलं बरंच मनावर घेतलं. पनवेलहून कन्याकुमारीला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, कोकणात, पावसाळ्यात तळी जागोजाग दिसतात; कमळं तेवढी लावायची राहिलीत. धूळही मऊच, नाकात गेल्यावर खात्री पटते. सावलीची झाडं मात्र चौपदरीकरणात गेली. हे काम पनवेल ते इंदापूर टप्प्यात २०११ साली सुरू झालं.

गणपतीच्या दिवसांत पनवेलच्या एसटी स्टँडवर हाच आशीर्वाद साध्या मराठीत ऐकू येतो: "सावकाश जा रे, पोचलास की फोन कर." त्यातल्या 'सावकाश'ची काळजी महामार्ग इमानेइतबारे घेतो.

तेव्हा यंदा कुणाला कोकणात धाडताना आशीर्वाद जरूर द्या. फक्त त्याची एक प्रत रस्त्याच्या खात्यालाही पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.