झटपटराव

धाराशिवातल्या कुठल्याही कॉलनीत जा, समतानगर म्हणा की तांबरी विभाग, एखादा झटपटराव सापडतोच. उमरग्याला असतो, कळंबला असतो, परंड्यात तर दोन असल्याचं ऐकिवात आहे आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. आमच्या गल्लीतले झटपटराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची बदली स्वयंपाकघरात करून घेतली. वहिनींना कुणी विचारलं नाही. बदलीच्या बाबतीत कुणाला विचारायची पद्धतच नाही.

उभ्या नोकरीत या माणसाने एक फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला पंधरवडा लावला. गॅससमोर उभं राहिल्यावर मात्र त्यांना विलक्षण घाई सुटते. "दोन मिनिटांत होतंय बघा," हे त्यांचं पालुपद. या दोन मिनिटांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. पदार्थ कढईत पडल्यापासून ताटात येईपर्यंतचा वेळ तेवढा त्यात मोजतात. कांदा चिरणे, लसूण सोलणे, मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघणे, 'अगं, ते हे कुठंय?' असं विचारत चौदा डबे उघडणे, आणि शेवटी ओटा धुणे, ही सगळी कामं 'पूर्वतयारी व किरकोळ' या सदराखाली जातात. ते सदर वहिनींच्या नावावर आहे.

त्यांच्याकडची यंत्रसामग्री बघण्यासारखी आहे. दोरी ओढून कांदा चिरायचं भांडं आहे. त्याची दोरी तुटली, म्हणून विजेवरचं आणलं. ते धुवायला सात भाग सुटे करावे लागतात आणि जोडताना आठवा भाग उरतो. एअर फ्रायर आहे. त्यात त्यांनी एकदा भजी केली. बेसन जाळीतून खाली गळालं आणि वर कांद्याचे उघडे तुकडे राहिले. त्याला त्यांनी 'बिनतेलाची भजी' म्हटलं, आणि हे नाव दोन्ही अंगांनी खरं होतं, कारण त्यात तेलही नव्हतं आणि भजीही नव्हती.

पण सगळ्यांत गाजलं ते रोटी मेकर. व्हिडिओत बाई गव्हाच्या कणकेचा गोळा ठेवते, झाकण दाबते, पोळी फुगते. झटपटरावांनी ज्वारीच्या पिठाचा गोळा ठेवला. हा ज्वारीचा मुलूख आहे, इथल्या पोराबाळांनाही ठाऊक असतं की ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी घालावं लागतं, तळहाताने रगडून रगडून पीठ एकजीव करावं लागतं आणि मग थापताना बोटांनी कड सावरत न्यावी लागते. यंत्राला हे कुणी सांगितलं नव्हतं. झाकण उघडलं तर आत मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडलेल्या. झटपटराव शांतपणे म्हणाले, "चवीला भाकरीच आहे." वहिनींनी तो चुरा दुधात कालवून शेजारच्या मांजराला घातला. मांजराने दूध तेवढं प्यायलं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस वेंधळा असेल. नाही हो. माणूस व्यासंगी आहे, आणि खरी पंचाईत तीच आहे. जपानच्या मोमोफुकू आंदोने १९५८ साली झटपट नूडल्स बाजारात आणल्या, त्याआधी तो घरामागच्या शेडमध्ये वर्षभर खपत होता, हे चरित्र त्यांना तोंडपाठ आहे. आपल्याकडे मॅगी १९८३ साली आली, २०१५ च्या जूनमध्ये दुकानांतून उठली आणि नोव्हेंबरात परतली, या तारखा ते सणावारासारख्या सांगतात. काहीही बिघडलं की आंदोचा दाखला: "एका वर्षाची साधना होती त्या माणसाची!" यावर वहिनी एकदाच बोलल्या. "हो, पण त्येनं शेड परसात घातलं होतं. माझ्या ओट्यावर नव्हतं."

त्यांच्यावर माझा खरा राग आहे तो गुलाबजामामुळे. भूम, वाशी, कळंब हा सगळा खव्याचा पट्टा. कुंथलगिरीचा पेढा लोक वाट वाकडी करून घेऊन जातात. भट्टीवर माणूस धगीसमोर उभा राहून दूध हलवत असतो, हलवतच असतो. पाच लिटर दूध आटतं तेव्हा किलोभर खवा हाती लागतो, आणि हात थांबला की खाली लागतो. अशा जिल्ह्यात राहून झटपटरावांनी दिवाळीला गुलाबजाम केले ते पावाच्या स्लाइसचे! कडा काढायच्या, दूध शिंपडायचं, गोळे वळायचे, तळायचे, पाकात सोडायचे. मला वाटीत दोन दिले. चमचा लावला तर पहिल्याचा पाकात गाळ झाला, आणि दुसऱ्याला आतून कोरडा पाव होता. "खव्याचा फरक कळतो का?" त्यांनी उत्सुकतेने विचारलं. फरक तर कळलाच. पण सणाचा दिवस होता आणि वहिनी दारात उभ्या होत्या.

प्रयोग फसला की झटपटराव पिशवी घेऊन चौकातल्या चायनीजच्या गाडीवर जातात. ट्रिपल शेजवान हे त्यांचं सांत्वन. तिथला गडी मोठ्या आचेवर कढई उडवतो, ज्वाळा कढईच्याही वर जातात, आणि खरोखरच दोन मिनिटांत पुडकं हातात येतं. "बघा, याला म्हणतात वेग!" झटपटराव माझ्याकडे विजयी मुद्रेने बघतात. पण त्या गाडीवाल्याच्या घरी दुपारी भात शिजवून कापडावर पसरून गार केलेला असतो, पोतंभर कोबी चिरलेला असतो, मंचुरियनचे गोळे एकदा तळून ठेवलेले असतात. झटपटराव गाडीवर जातात सातनंतर. दुपारी ते झोपलेले असतात.

एवढं असून त्या घरात रोज सकाळी खरोखरीचं झटपट खाणं होतं, फक्त त्याचा व्हिडिओ निघत नाही. वहिनी मुरमुरे पाण्यात टाकतात, फुगायच्या आत मुठीने पिळून काढतात. कढईत मोहरी, जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे. कांदा परततो न परततो तोच हळद, मग मुरमुरे, वरून डाळव्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर. सुशीला तयार. हे सगळं होतं तेव्हा झटपटराव समोर बसून 'पाच मिनिटांत नाश्ता' शोधत असतात आणि डोळे मोबाइलवर ठेवून सुशीला खात असतात.

गेल्या उन्हाळ्यात या कथेला वळण लागलं. झटपटरावांनी वाचून दाखवलं की, ज्युलियस मॅगी नावाच्या स्विस गृहस्थाने १८८० च्या दशकात कडधान्याच्या पिठाची तयार सुपं काढली. कारखान्यात राबणाऱ्या बायकांना रांधायला वेळ नसायचा, म्हणून. पीठ उकळत्या पाण्यात सोडायचं की झालं.

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हणजे येसरच की ओ ते."

झटपटराव थबकले. जन्मभर या माणसाने येसराची आमटी ओरपली, लग्नाच्या पंगतीत द्रोण पुन्हा पुन्हा पुढे केला. पण डब्यातलं ते तांबूस पीठ म्हणजे आपल्याच घरातलं 'इन्स्टंट' आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी उद्योग काढायचं ठरवलं. पाकिटावरचा मजकूरही तयार झाला: 'मराठवाडी येसर. दोन चमचे घ्या, पाण्यात कालवा, लसणाची फोडणी द्या, उकळा.' मला वाचून दाखवला. मजकूर छान होता.

"पीठ कोण करणार?" मी विचारलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून उत्तर आलं, "ह्या वक्ताला तुम्हीच करा."

मग धान्य निवडणं आलं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, कारण एक करपतं तोवर दुसरं कच्चं असतं. धणे, जिरं, खोबरं, दगडफूल, मिरच्या. मिरच्या भाजल्या तेव्हा आख्खी गल्ली खोकत बाहेर आली. दुपार कलली तेव्हा घामाघूम झटपटराव डबा घेऊन गिरणीत पोहोचले. "जरा लवकर टाका," म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे."

गिरणीवाल्याने झाकण उचललं, वास घेतला. "सर, येसर हाय का? मग बसा. मसाल्याचं दळण शेवटाला. आदी ज्वारी, मग गहू, मग डाळी. नाहीतर समद्या गावाच्या भाकरी तिखट व्हायच्या."

झटपटराव बाकावर बसले. शेजारी तीन-चार बाया आपापले डबे घेऊन बसल्या होत्या. त्यांना ते सांगू लागले की, गिरणीत यायची मुळात गरजच नाही, घरच्या मिक्सरवर ज्वारी कशी झटक्यात दळता येते. बायांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकेक करून आपले डबे त्यांच्या डब्याच्या पुढे सरकवले.