बीजभाषण ठोकण्याची पूर्वतयारी

चर्चासत्राचे बीजभाषण करायला बोलावले आहे आणि विषयातले ओ की ठो कळत नाही? घाबरू नका. विषय कळणाऱ्यांना जेवणानंतरच्या सत्रात दहा मिनिटे देतात. बीजभाषण तुमच्यासाठीच राखलेले असते. फक्त पुढील सूचना पाळा.

1. हंगाम ओळखा. 1991 नंतर कितीतरी वर्षे 'जागतिकीकरण' हे बारमाही पीक होते. बाजूने बोला, विरोधात बोला, शब्द तोच. विरोधकांनी तर खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांची मोट बांधून 'खाउजा' केले, म्हणजे तीन संकटे एका श्वासात. 'जागतिकीकरण आणि ग्रामीण कविता' अशा विषयांवर चर्चासत्रे झडली, शोधनिबंध निघाले, बढत्या मिळाल्या. आज तो शब्द काढलात तर पहिल्या रांगेतले निवृत्त प्राध्यापक तेवढे गहिवरतील. सध्या एआय पेरा. विषय संत साहित्य असला तरी पेरा.

2. विशेषणाची मुदत तपासा. 'स्मार्ट' आता चालत नाही. जून 2015 मध्ये केंद्र सरकारने 100 शहरांसाठी योजना आणली, जानेवारी 2016 च्या पहिल्या यादीत पुणे आणि सोलापूर झळकले. मग रस्ता स्मार्ट, बसथांबा स्मार्ट, अंगणवाडी स्मार्ट. 31 मार्च 2025 ला योजनाच संपली. तुमच्याकडे जुने फ्लेक्स पडून असतील तर वाईट वाटून घेऊ नका, 'स्मार्ट'वर 'शाश्वत' चिकटवा. एकच अक्षर जास्त आहे, मावते. 1987 च्या ब्रुंटलंड अहवालापासून हा माल खपतो आहे, अजून उठाव आहे.

3. साल लांबचे घ्या. नवशिके हमखास इथेच फसतात. अब्दुल कलाम आणि य. सु. राजन यांचे 'इंडिया 2020' हे पुस्तक 1998 मध्ये आले. त्यांनी निदान पुस्तकभर आकडे आणि आराखडे मांडले होते. बाकीच्यांनी नुसते साल उचलले आणि ज्याच्या त्याच्या तोंडी 'व्हिजन 2020' झाले. पुढे ते साल खरेच उजाडले, तेही टाळेबंदी घेऊन, त्यामुळे हिशेब विचारायला कोणी घराबाहेर पडले नाही. असे नशीब दरवेळी नसते. संयुक्त राष्ट्रांनी 17 उद्दिष्टांसाठी 2030 ठरवले आहे. ते अंगाशी येण्याइतके जवळ आले. तुम्ही बेधडक 2047 म्हणा. तोवर आयोजक, अध्यक्ष आणि तुम्ही, तिघेही पेन्शनीत असाल.

4. खिडकीबाहेर बघून पडताळता येईल असा शब्द वापरू नका. 2004 ची 'इंडिया शायनिंग' मोहीम आठवा. लोकांनी बाहेर पाहिले आणि सरकार गेले.

5. आता मुख्य वाक्य पाठ करा: 'सर्वसमावेशक, नवोन्मेषी आणि लोकाभिमुख परिसंस्थेतून भागधारकांचे सक्षमीकरण साधणे ही काळाची गरज आहे.' यातली तिन्ही विशेषणे हवी तशी उलटसुलट करा, अर्थाला धक्का लागत नाही. 'काळाची गरज' म्हणताना चष्मा काढा.

6. एखादा विद्यार्थी उभा राहून 'म्हणजे नक्की काय करायचे?' असे विचारेल. बिचारा नवा असतो. 'फार मूलभूत प्रश्न विचारलात' म्हणून त्याचे कौतुक करा आणि घड्याळाकडे बघा. सूत्रसंचालक लगेच जेवणाची घोषणा करतील.

आभार मानणारे याला 'मौलिक मार्गदर्शन' म्हणतील. मान खाली घालून स्वीकारा. शाल, श्रीफळ आणि प्रवासखर्चाची पावती घ्यायला विसरू नका. भाषणाची फाइल मात्र पुसू नका. पुढच्या वर्षी एआयच्या जागी जो शब्द येईल तो घाला, बाकी मजकूर आहे तसा चालतो.