मारतहळ्ळीचे मत्स्यवीर

कोणे एके काळचे मौजे आणि आजचे बंगळूरचे पूर्व उपनगर जे मारतहळ्ळी, त्याच्या आसमंतात जलाशयांची वाण आहे असे कोणासही म्हणता येणार नाही. परंतु त्या जलाशयांपैकी बेळ्ळंदूरच्या तळ्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये भर पाण्यावर पेट घेतला, जानेवारी २०१८ मध्ये ते पुनश्च पेटले तेव्हा ते विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले, आणि त्याच्याच सांडपाण्यावर पोसलेल्या वर्तूरच्या तळ्यावर फेसाचे असे पर्वत उठत आले आहेत की वारा सुटताच ते काठ सोडून रस्त्यावर उतरतात आणि दुचाकीस्वारांना अवेळी अभ्यंगस्नान घडवितात. अशा प्रदेशात राहून, गोड्या पाण्यातील ‘बास’ नामक माशाच्या मृगयेसाठी काठी, रीळ, दोरी, गळ आणि एक लहानशी नौका यांची निवड करण्यात जो पुरुष आपली रविवारची सकाळ, सणाची सुट्टी आणि कुटुंबाची सहनशक्ती निःशेष खर्ची घालतो, त्याच्या ठायी असामान्य श्रद्धा असली पाहिजे हे उघड आहे.

हे मत्स्यवीर सहसा मराठी असतात असा आमचा दावा नाही. परंतु आमच्या पाहण्यात आलेला नमुना अस्सल रायगडी, मूळचा पेणकडचा, आणि हल्ली बाह्य वर्तुळमार्गावरील एका संगणक कंपनीत भरघोस वेतनावर रुजू असलेला आहे. या जातीची पारख अगदी सोपी आहे. ‘काय, मासा लागला का?’ असे तुम्ही सहज विचारावे, तर हे गृहस्थ ‘कोणत्या दोरीला?’ असा प्रतिप्रश्न करतात आणि मग तासभर तुमची सुटका नाही. त्यांचे मामा पेणच्या खाडीवर गरवायला जात. हातात तंगूस, तिच्या टोकाला एक गळ, गळाला कोलंबी, एवढ्या सामग्रीवर दिवेलागणीला घरी जिताडा येई आणि रात्री त्याचे कालवण होई. मामांविषयी मत्स्यवीरांच्या मनात आदर पुष्कळ आहे, पण मामांचे यश शास्त्रशुद्ध नव्हते असे त्यांचे स्पष्ट मत आहे.

आता बास या माशाचे मूळ वतन उत्तर अमेरिका. बेळ्ळंदूरपासून कावेरीपर्यंत कोठेही गळ टाकला तरी हा परदेशस्थ मासा त्यास लागण्याचा संभव नाही, ही गोष्ट मत्स्यवीरांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. परंतु त्यांची अडचण अशी की, काठी कोणती घ्यावी आणि नाव कोणती घ्यावी याविषयी जे अफाट वाङ्मय जगात निर्माण झाले आहे, ते बहुतांशी या एका माशाला उद्देशून आहे; रोहू, कटला, तिलापिया या आपल्याकडच्या रहिवाशांवर कोणी तशी लेखणी झिजविलेली नाही. तेव्हा साधने बासची घ्यावयाची आणि मासा स्थानिक मानावयाचा, अशी तडजोड करून त्यांनी मरळीची बासच्या मुखत्यारपदी नेमणूक केली आहे. नेमणूक वाईट नाही. मरळ ही जातीची शिकारी. पाण्यात राहूनही तिला वरच्यावर पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, म्हणून जलपर्णीच्या दाट आच्छादनाखाली दबा धरून बसलेल्या मरळीच्या डोक्यावरून पोकळ रबरी बेडूक टुणटुणत नेला, तर ती खालून असा हल्ला चढविते की काठावरचा मनुष्य दचकावा. या बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे ते पाल्यात अडकत नाहीत, आणि मरळीने जबडा मिटला की बेडूक चेपून उघडे पडतात. झडप दिसताच काठी उपटावयाची नाही, क्षणभर थांबावयाचे. आणि पिलांचा लालसर थवा पाण्यावर दिसला तर त्याखाली राखणीला असलेल्या आईबापांना मुळीच हात लावावयाचा नाही, असा सज्जनांचा दंडक आहे. हे सर्व मत्स्यवीर इतक्या तपशिलाने सांगतात की ऐकणाऱ्याच्या तोंडास पाणी सुटते. फक्त मरळ अद्याप सुटलेली नाही, कारण ती लागलेली नाही.

काठीची निवड हे या चरित्रातील आदिपर्व होय. सहा फुटी काठीने दूरवर फेक जात नाही, आठ फुटी काठी उद्वाहनात मावत नाही, म्हणून सात फुटी मुक्रर झाली; ती टोकाला लवचिक असावी पण कंबरेत ताठ असावी, हेही ठरले. रिळाचा फैसला होण्यास मात्र दोन पावसाळे गेले, कारण रिळांचा इतिहास वाचल्याशिवाय रीळ घेणे हे कुलशील न पाहता सोयरीक करण्यासारखे आहे, असे त्यांना वाटते. तो इतिहास असा: जपानची शिमानो कंपनी १९२१ मध्ये सायकलचे सुटे भाग करण्यासाठी निघाली. स्वीडनच्या आबू कंपनीने आरंभी घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर तयार केले आणि मग ती रिळांकडे वळली. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचाचा तुकडा चांभारी सुरीने तासून, त्यावर चॉकलेटची चांदी लपेटून आणि छायाचित्रांच्या वितळविलेल्या फिती वरून रोगणासारख्या फासून आपला पहिला कृत्रिम मासा घडविला. ही माहिती त्यांच्या घरच्या चहाबरोबर पाहुण्यास सक्तीने घ्यावी लागते. बिस्किटे ऐच्छिक असतात.

अखेर जे रीळ आले ते आडव्या गरगरीचे, म्हणजे नवशिक्याने ज्याच्या वाटेस जाऊ नये असे. या यंत्राचा स्वभाव असा की काठी झटकताच गरगरी वेगाने फिरू लागते. आमिष हवेत मंदावले तरी गरगरी मंदावत नाही. ती दोरी सोडीतच राहते आणि सुटलेली दोरी जागच्या जागी गुंततच जाते. नेमक्या क्षणी अंगठ्याने तिला आवरणे, एवढीच काय ती कला. इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या रांगेत एक लाल बादली ठेवून मत्स्यवीर या कलेची उपासना करितात. प्रातःकाळी साडेसहास त्यांना आम्ही पाहिले आहे: पाय किंचित फाकलेले, डोळ्यांवर पाण्याची चकाकी मारणारा काळा चष्मा (गच्चीवर पाणी टाक्यांच्या आत असते), मनगटाचा एक झटका, बेडूक अर्ध्या वाटेवर धपकन खाली, आणि रिळात तीस पौंडी दोरीचा मुठीएवढा गुंता. मग ते टाकीच्या सावलीला मांडी घालून बसतात आणि पत्नीच्या क्रोशाच्या सुईने एकेक फास वर उचलून सोडवितात. या वेळी त्यांच्या मुद्रेवर जी तृप्ती विलसत असते, ती पाहून आमची अशी खात्री झाली आहे की प्रत्यक्ष मासा लागल्यास त्यांच्या या समाधीचा भंगच होईल.

एकदा आम्ही खोडसाळपणे त्यांच्यापुढे जॉर्ज पेरीचा दाखला ठेवला. अमेरिकेतील जॉर्जिया प्रांताचा हा तरुण शेतकरी. २ जून १९३२ रोजी त्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. त्या दिवशी त्याच्यात आणि त्याच्या मित्रात मिळून एकच काठी होती, नाव म्हणजे हाताने फळ्या ठोकून केलेले खटारे, आणि माशाचे वजन झाल्यावर घरच्या मंडळींनी तो शिजवून खाल्ला. पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने त्या वजनाशी बरोबरी केली, एवढेच. मत्स्यवीर खिन्नपणे म्हणाले, “पाहा ना! दुसरी काठी असती, तर दुसराही आला असता.”

त्यांच्या पक्षाला शास्त्राधार नाही असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘मत्स्यविनोद’ हे एक स्वतंत्र प्रकरण घातले असून त्यात माशांच्या जाती, त्यांना चारावयाचे खाद्य, काठी, दोरी आणि गळ यांचे सांगोपांग वर्णन आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये त्यावर निबंधही लिहिला. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे जवळजवळ आपलाच शेजार. मत्स्यवीर हा दाखला पत्नीपुढे नित्य ठेवतात. ती माउली शांतपणे उत्तर देते, “अहो, तो राजा होता. त्याला घराचे हप्ते नव्हते.”

खरे रणकंदन मात्र नौकेवरून माजले. सपाट तळाची अॅल्युमिनियमची होडी उथळ पाण्यात चालते आणि तीत उभे राहून फेक करता येते, पण लाटेवर ती आपटते. निमुळत्या तळाची लाट कापते, पण उभे राहणाऱ्यास डोलविते. हवा भरावयाची रबरी नाव कपाटात मावते, पण गळाच्या एका टोचणीने तिचा ग्रंथ आटोपतो. या तिढ्यातून मार्ग म्हणून आम्ही हरिगोलु सुचविला. बांबूच्या विणीचा, बुडाला डांबर फासलेला हा वाटोळा डोलारा कर्नाटकातील नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भीमेश्वरी, गालीबोरे येथील तळांवर साहेबलोक याच हरिगोलुत बसून, नाचणीच्या गोळ्याचे आमिष लावून कावेरीतले प्रचंड महसीर धरीत आणि पुन्हा सोडून देत. काबिनी नदीत १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने १२० पौंडांचा महसीर काढला होता. पुढे अभयारण्यातील ही गळबाजी बंद झाली, आणि कुबडाचा तो महसीर आज अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादीत जाऊन बसला आहे. मत्स्यवीरांनी हरिगोलुचा विचार गांभीर्याने केला आणि दोन दिवसांनी तो निकालात काढला. “त्याला नाळच नाही हो,” ते म्हणाले, “विजेची मोटर बसवायची कुठे?”

नाव कोणती घ्यावी हे ठरण्यापूर्वी ती ठेवावी कोठे हे ठरले पाहिजे, म्हणून त्यांनी गृहसंस्थेच्या समितीकडे रीतसर अर्ज गुजरला. ज्या इमारतीस रोज टँकरने पाणी येते, त्या इमारतीच्या दप्तरी ‘नौका उभी करण्याकामी जागा मिळणेबाबत’ असा दस्तऐवज दाखल झाला, यातच या पुरुषाच्या आशावादाचे माप आहे. नौका हे वाहन समजावे की सामान, या मुद्द्यावर सभेत दोन तट पडले. वाहन समजल्यास तिला क्रमांक हवा. सामान समजल्यास ती वाहनतळावर ठेवण्यास अग्निशमनाच्या नियमांची हरकत. चिटणीस, जे स्वतः महसूल खात्यातून निवृत्त झालेले असल्याने अशा प्रकरणांचे भोक्ते आहेत, त्यांनी होडीची लांबी, रुंदी व प्रयोजन यांचा खुलासा मागविला. लांबी-रुंदी मत्स्यवीरांनी चार पर्यायी नौकांच्या तक्त्यानिशी सादर केली. प्रयोजनाच्या रकान्यात त्यांनी ‘मरळ (बासऐवजी)’ असे लिहिले. प्रकरण तहकूब झाले.

ते तहकूब असतानाच सप्टेंबर २०२२ उजाडला. त्या पावसाने बंगळूरच्या पूर्वभागाची जी दैना केली ती सर्वश्रुत आहे; जुन्या तळ्यांच्या आणि राजकालव्यांच्या वाटा अडविलेल्या, तेव्हा पाणी आपली जुनी वहिवाट शोधीत यमलूर, बेळ्ळंदूर आणि बाह्य वर्तुळमार्गावर आले आणि लक्षाधीशांना रबरी नावांतून व ट्रॅक्टरांतून बाहेर काढावे लागले. आमच्या दारातही कमरेएवढे पाणी होते. ज्याच्यासाठी इतकी वर्षे तयारी चालली होती, ते पाणी स्वतः पायऱ्यांपर्यंत चालत आले होते, आणि मत्स्यवीर पहिल्या मजल्याच्या जिन्यावर वही घेऊन उभे होते.

सुटकेसाठी आलेल्या नावेतील जवानांनी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी आधी नळकांड्याचे कापड बोटांनी चाचपले, जाडी विचारली, तळ फुगवायचा की फळ्यांचा ते पाहिले, आणि पाच माणसे बसल्यावर ती किती बुडते याची जिन्याच्या पायरीवर खूण केली. मागून पत्नीने दोन पिशव्या आणि सासूबाईंना नावेत चढविले व स्वतःही चढली. यांच्या मापनाकडे पाहून जवानाने नाव हाकली. उरलेल्या मंडळींबरोबर हे अर्ध्या तासाने ट्रॅक्टरवर चढले. मोठ्या चाकांनी पाणी दुभंगत ट्रॅक्टर रस्त्याला लागला तसे त्यांचे डोळे चमकले. कारण नाव घेतली तरी ती तळ्यापर्यंत ओढून न्यावयाची कशाने, या बाजूकडे त्यांचे आजवर लक्षच गेले नव्हते. चालकाशेजारच्या पत्र्यावर अंग आवळून बसत त्यांनी वहीचे कोरे पान उघडले आणि मोडक्या कन्नडमध्ये विचारले, की मागे गाडा जोडला तर हा चढावर किती वजन खेचतो.