कट्टर

आमच्या पेडगावात, म्हणजे परभणी-मनमाड रेल्वेवरच्या, निळू फुल्यांचा एक कट्टर आहे. १९७५ साली त्यांचा ‘सामना’ सिनेमा आला तेव्हा याच्या वडलांचं लग्नही ठरलं नव्हतं. तरी मोबाइलवर त्यातला हिंदुराव धोंडे पाटील लावून टपरीवरच्या चौघांना धरून बसवतो आणि प्रत्येक वाक्य निळूभाऊंच्या आधी स्वतःच म्हणून टाकतो. चहा मात्र त्याच्याकडून, म्हणून टपरी भरलेली. दर १३ जुलैला स्मृतिदिनाचा फ्लेक्स लागतो. त्यात निळूभाऊ कोपऱ्यात, मधोमध गॉगल लावलेला हा.

“वाईट माणूस कसा, बायांनी बोटं मोडली पाहिजेत!” हे त्याचं म्हणणं अगदी खरं. निळूभाऊ मूळचे सेवादलातले, सज्जन माणूस. पण बाहेर दिसले की बाया शिव्या घालायच्या आणि ते ती कामाची पावती समजायचे. ‘सामना’ लिहिताना तेंडुलकरांनीही हिंदुरावाला गोड करायचा प्रयत्न कुठं केला नाही. तरी माणूस त्याच्यावरून नजर हटवू शकत नाही.

एकदा मी म्हणालो, “पुढं तोच पाटील फार सिनेमांत फिरला, त्यातले कित्येक टुकार होते.” तो काही बोलला नाही. सगळ्यांना चहा सांगितला, मला सोडून.

मग गणपतीच्या नाटकात मी एक चाहता लिहिला. देवावर कुणी बोललं की हमरीतुमरीवर येणारा, खताच्या पैशात फ्लेक्स छापणारा. काम यालाच दिलं. वाचून म्हणाला, “हे पात्र खोटंय. असा चाहता असतोय का कुटं?” वेड पांघरून जायचं ते पेडगाव श्रीगोंद्याकडचं म्हणतात, आमच्या गड्यानं ते परभणी जिल्ह्यात आणलं.

“थोडा चांगुलपणा घाला की,” म्हणाला.

“कामून? बोटं मोडायला नकोत?”

नाइलाजानं उभा राहिला. पण काम फक्कड केलं, हे कबूल करायला हवं. प्रयोगाच्या रात्री याची चुलती पहिल्या रांगेतून उठली आणि ओरडली, “मुडद्या, युरियाचे पैसे कुटं घातलेस रे?”

पडदा पडताच हा धावत माझ्याकडं आला. “पावती मिळाली, मालक!”

चुलती अजून रांगेतच उभी होती, उत्तराची वाट बघत.